दोन चित्रांमधली जागा : जपानी अ‍ॅनिमेशनमधली हालचाल

आजचा विषय आहे जपानी अ‍ॅनिमेशनमधली हालचाल. आज आपण गोष्टींबद्दल बोलणार नाही, पात्रांबद्दल बोलणार नाही, आणि ‘डोळे एवढे मोठे का काढतात’ हा नेहमीचा प्रश्नही बाजूला ठेवणार आहोत. पडद्यावर काहीतरी हलतं. ते कसं हलतं आणि कुठे मुद्दाम हलत नाही, एवढंच पाहायचं आहे. विषय तांत्रिक वाटेल. पण या कलेबद्दल आपण जी मतं सहज देऊन टाकतो, म्हणजे ‘भारी आहे’, ‘स्वस्तातलं आहे’, ‘इथे पैसे वाचवलेत’, ती सगळी तपासायला गेलं की याच प्रश्नापाशी येऊन थांबतात.

सुरुवात घरातल्या टीव्हीपासून करू. अलीकडच्या बहुतेक टीव्हींमध्ये एक सेटिंग असतं. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, पण काम एकच : दोन फ्रेमच्या मधली फ्रेम यंत्राने स्वतः अंदाजाने तयार करायची, म्हणजे चित्र गुळगुळीत सरकेल. क्रिकेटची मॅच पाहताना ते बरं वाटतं. पण तेच सेटिंग चालू ठेवून एखादा जपानी अ‍ॅनिमेशनपट लावा. पात्र हात उचलतं तेव्हा हाताच्या कडेची रेघ वितळल्यासारखी दिसते, तलवारीचा वार पाण्यातून फिरवल्यासारखा सुस्त वाटतो. हे आपोआप होतं असंही नाही. काही हौशी प्रेक्षक नावाजलेले मारामारीचे प्रसंग मुद्दाम सॉफ्टवेअरमधून काढतात, सेकंदाला ६० फ्रेमचे करून इंटरनेटवर टाकतात, आणि त्याचं कौतुकही होतं. किती स्मूद झालं बघा!

यामागे एक गृहीतक आहे. दोन चित्रांच्या मधली रिकामी जागा ही उणीव आहे, पैसे किंवा वेळ कमी पडला म्हणून राहून गेलेली, आणि ती भरली की काम सुधारतं. आमचं आजचं सगळं बोलणं या गृहीतकाच्या विरुद्ध आहे. पण ते बोलताना उलट्या टोकालाही जायचं नाही, कारण ‘कमी चित्रं हीच जपानी कलेची थोरवी’ असं म्हणणारेही आहेत, आणि तेही आम्हांला पूर्ण पटत नाही.

आधी थोडा हिशोब करू, त्याशिवाय पुढचं नीट समजणार नाही.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. म्हणजे मिनिटाला १,४४०. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमातून जाहिराती वजा केल्या आणि २५ मिनिटं धरली, तर ३६,००० फ्रेम. आता अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक फ्रेमसाठी नवं चित्र काढलंच पाहिजे असं नाही. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं, तर सेकंदाला १२ चित्रं पुरतात. तीन फ्रेम धरलं, तर ८. जपानी स्टुडिओंत फ्रेमला ‘कोमा’ म्हणतात. ‘तीन कोमा’ म्हणजे एका चित्राला तीन फ्रेम. दूरचित्रवाणीवरच्या जपानी मालिकांचा हा नेहमीचा वेग झाला. पण लक्षात घ्या, हा फक्त हलणाऱ्या भागाचा वेग आहे. पात्र बोलताना नुसतं तोंड हलत असेल आणि बाकीचा चेहरा एकाच स्थिर चित्रात असेल, तर खर्च होतो तो तोंडाच्या तीन चित्रांचा : मिटलेलं, अर्धं उघडं, उघडं. तीच आलटून पालटून दाखवायची. आणि पार्श्वभूमीचं रंगवलेलं लांब चित्र मागून सरकवलं, तर नवं चित्र न काढताच पात्र पुढे जातंय असं वाटतं.

आणखी दोन शब्द लागतील. जपानी पद्धतीत एक चित्रकार हालचालीतली मुख्य चित्रं काढतो : सुरुवात, वळण, शेवट. त्यांना ‘गेंगा’ म्हणतात. दुसरा चित्रकार त्यांच्या मधली चित्रं भरतो, ती ‘दोगा’. टीव्हीतलं ते सेटिंग या दुसऱ्या माणसाचं काम करू पाहतं, हे ध्यानात ठेवा. त्याच्याकडे आपण नंतर येऊ.

आता इतिहास. तोएई कंपनीचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ १९५६ साली उभा राहिला आणि १९५८ साली त्याने ‘हाकुजादेन’ हा पहिला रंगीत जपानी अ‍ॅनिमेशनपट आणला. नजर डिस्नेकडे होती. भरपूर चित्रं, गोलाईदार हालचाल, वर्षाला जेमतेम एक मोठा चित्रपट. मग १ जानेवारी १९६३ ला फुजी टीव्हीवर ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’ सुरू झाली. जगात ती ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ म्हणून ओळखली जाते. दर आठवड्याला अर्धा तास! तोएईच्या पद्धतीने हे अशक्य होतं. तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनने मग सगळ्या युक्त्या एकत्र केल्या : तीन कोमा, नुसती तोंडं हलवणं, स्थिर चित्रावरून कॅमेरा फिरवणं, एकदा काढलेली उड्डाणाची चित्रं जपून ठेवून पुन्हा पुन्हा वापरणं. एका भागासाठी लागणारी चित्रं दोन हजारांच्या आसपास आणली गेली. ३६,००० फ्रेम आणि दोन हजार चित्रं, हे प्रमाण मनात ठेवा.

यातल्या बऱ्याच युक्त्या तेझुकांच्या स्वतःच्या नव्हत्या. अमेरिकेत यूपीए या स्टुडिओने १९५० च्या दशकात कमी चित्रांची शैली मुद्दाम, चित्रकलेच्या अंगाने वापरली होती. हॅना-बार्बेरा यांनी तीच टीव्हीसाठी स्वस्तात वापरली. तेझुकांनी वेगळं केलं ते असं की लांबलचक, गंभीर, भावनांनी भरलेली कथा त्यांनी या तुटपुंज्या हालचालीवर चालवून दाखवली. आणि दुसरी गोष्ट, जिची सावली आजवर पडलेली आहे : त्यांनी मालिका खर्चापेक्षा कमी किमतीत विकली. तूट खेळणी, स्टिकर अशा वस्तूंच्या उत्पन्नातून भरून काढायची, असा हिशोब. मुशी प्रॉडक्शनचं १९७३ साली दिवाळं निघालं.

तेझुका १९८९ साली गेले. त्यानंतर लगेचच हायाओ मियाझाकी यांनी त्यांच्यावर लिहिलं, आणि ते गोड मृत्युलेखासारखं नव्हतं. मांगाकार म्हणून तेझुकांचं ऋण त्यांनी मान्य केलं, पण अ‍ॅनिमेशनमधलं त्यांचं काम मात्र झोडपलं. मियाझाकी १९६३ सालीच तोएईत रुजू झाले होते. ज्या वर्षी हालचाल ‘स्वस्त’ झाली, त्याच वर्षी ते हालचाल शिकायला बसले. त्यांचा राग समजू शकतो. पण म्हणून एका बाजूला तेझुका म्हणजे कंजूष हालचाल आणि दुसऱ्या बाजूला मियाझाकी म्हणजे भरभरून हालचाल, अशी सरळ वाटणी करायची का? आम्हांला ती चुकीची वाटते. उदाहरणं पाहिली की का ते कळेल.

पहिलं उदाहरण न हलण्याचं. ओसामु देझाकी हे मुशी प्रॉडक्शनमध्येच तयार झालेले दिग्दर्शक. १९७० साली त्यांनी ‘आशिता नो जो’ ही मुष्टियोद्ध्याची मालिका केली. त्यांच्या पुढच्या कामात एक पद्धत पक्की झाली. प्रसंग ऐन शिगेला पोचला की हालचाल थांबते आणि तेच दृश्य जाड, खरखरीत रेघांच्या रंगीत चित्रात बदलतं. याला ‘पोस्टकार्ड मेमरी’ म्हणतात. कधी एकच हालचाल लागोपाठ तीनदा दाखवतात. पैसे वाचतात का? वाचतात. पण जरा विचार करा. ठोसा बसतो तो क्षण प्रत्यक्षात एका सेकंदाच्याही छोट्या तुकड्याचा. ज्याला तो बसतो त्याच्या आठवणीत मात्र तो फार लांब असतो. देझाकी घड्याळातला वेळ सोडून आठवणीतला वेळ दाखवतात. १९८१ साली संपलेल्या दुसऱ्या ‘जो’ मालिकेचा शेवट आठवा. शेवटच्या लढतीनंतर जो आपल्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेला आहे, मान खाली, चेहऱ्यावर पुसटसं हसू, अंगावरचा सगळा रंग उडून पांढरा झालेला. चित्र हलत नाही. तो जिवंत आहे की गेला, यावर लोक आजही वाद घालतात. आणि तो वाद चित्र हलत नाही म्हणूनच शक्य आहे. छाती एकदा जरी वरखाली झाली असती, तर प्रश्न तिथेच मिटला असता. आता या चित्रात कोणतं सॉफ्टवेअर काय भरणार?

दुसरं उदाहरण ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ (१९९५-९६), दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. २२ व्या भागात असुका आणि रेई या दोन मुली लिफ्टमधून जात आहेत. जवळजवळ मिनिटभर चित्र स्थिर, ऐकू येतो तो लिफ्टचा आवाज. २४ व्या भागात त्या अजस्र यंत्रदेहाच्या मुठीत एक तरुण धरलेला आहे, बेथोव्हेनची नववी सिम्फनी चालू आहे, आणि पुन्हा मिनिटभर काहीच हलत नाही. त्या मालिकेचं वेळापत्रक शेवटाकडे कोलमडलं होतं, हे सर्वांना माहीत आहे. म्हणून कुणी म्हणतं ही अडचणीतून काढलेली वाट, कुणी म्हणतं ही प्रतिभा. आम्हांला हा वादच निरर्थक वाटतो. ते चित्र का थांबलं हे स्टुडिओच्या वहीत सापडेल. थांबल्यामुळे काय झालं हे पडद्यावरच सापडतं. पडद्यावर असं होतं : लिफ्टमध्ये अनोळखी माणसाबरोबर असताना आपण सगळेच जसे आखडतो, तसा तो प्रसंग आखडतो. एकमेकींशी बोलावं की नाही, हा ताण त्या दोघींबरोबर आपल्यालाही सोसावा लागतो. मुठीच्या चित्रात दिरंगाई हाच विषय आहे, कारण एका मुलाला मूठ आवळायची की नाही हे ठरवता येत नाहीये. म्हणून दोन्ही ठिकाणी थांबणं कामाचं आहे.

आणि कामाचं नसलेलं थांबणंही भरपूर असतं, हे टीकाकाराने सांगितलंच पाहिजे. लढाई चालू आहे, एक पात्र हवेत लटकलेलं आहे, मागे रेघा धावताहेत, आणि ते आपल्या अस्त्राची माहिती सांगतंय. दर आठवड्याला. तिथे वेळ ताणला जातो, पण त्या ताणण्याने आपल्याला काहीच नवं कळत नाही. आमची कसोटी साधी आहे. चित्र थांबलं, तर त्या थांबण्याने माझ्याकडून काही करून घेतलं का? की मी फक्त वाट पाहिली?

इथे आपल्या आठवणीतलं एक उदाहरण घेऊ. १९९३ च्या सुमारास दर रविवारी दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागायचं. ‘मोगली’ म्हणूनच ते आपल्याकडे ओळखलं जातं. ते निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ साली केलेली ५२ भागांची जपानी मालिका होती, हे त्या वेळी पाहणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नव्हतं. गुलजारांचं शीर्षकगीत सगळ्यांच्या तोंडी होतं आणि हिंदीत शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. नुसती तोंडं हलवणं, धावण्याची तीच चित्रं फिरवून वापरणं, पार्श्वभूमी सरकवणं, हा दूरचित्रवाणीवरच्या अशा मालिकांचा रोजचा संसार. तरी आपल्याला शेरखानची भीती वाटायचीच. का? कारण चित्र जिथे थांबतं तिथे आवाज काम करतो. स्थिर चेहरा आणि त्यावर नानांची ती जरब! म्हणजे कमी चित्रांच्या अ‍ॅनिमेशनमध्ये हालचाल नाहीशी होत नाही, तिची वाटणी होते. थोडी चित्रात, थोडी आवाजात, थोडी कापणीत, आणि उरलेली पाहणाऱ्याच्या डोक्यात.

आता हलण्याकडे वळू. इथेही चित्रं मोजून भागत नाही.

‘स्पिरिटेड अवे’ (२००१) मधला जिन्याचा प्रसंग घ्या. दहा वर्षांची चिहिरो स्नानगृहाच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या उंच, कठडा नसलेल्या लाकडी जिन्याने खाली बॉयलरच्या खोलीकडे निघाली आहे. आधी ती बसून बसून उतरते, एकेक पायरी चाचपत. मग पायाखालची एक पायरी मोडते, ती दचकून धावत सुटते आणि थांबताच येत नाही. ओरडत खालच्या भिंतीवर जाऊन आदळते. हसू येतं आणि पोटात गोळाही येतो. यातली खुबी चित्रांच्या संख्येत नाही. आधीचा अर्धा भाग इतका सावकाश आहे म्हणून पुढचा अर्धा इतका वेगवान वाटतो. शिवाय ही मुलगी चपळ नाही. तिला वजन आहे, तिचे पाय तिचं ऐकत नाहीत. चित्रपटाच्या शेवटाकडची चिहिरो वेगळी धावते. तिच्यात झालेला बदल कुठल्याही संवादाआधी तिच्या पायांत दिसतो.

याच चित्रपटातला आगगाडीचा प्रवास तर सगळ्यांना आठवत असेल. पाण्यावरून जाणारी गाडी, आत सावल्यांसारखे प्रवासी, आणि चिहिरो नुसती बसलेली. मियाझाकी एका मुलाखतीत टाळ्या वाजवून दोन टाळ्यांच्या मधल्या वेळेला ‘मा’ म्हणतात, असं समजावून सांगतात. भरभरून हालचाल काढणारा हा माणूसही रिकामी जागा राखून ठेवतोच. आणि गाडीच्या खिडकीवरून एक जुळणारी गोष्ट आठवते. थॉमस लामार या अभ्यासकाने २००९ च्या आपल्या पुस्तकात दोन प्रकारच्या हालचालींत फरक केला आहे. एक, इंजिनाच्या तोंडाशी बसून समोरच्या खोलीत घुसत जाण्याची. दुसरी, गाडीच्या बाजूच्या खिडकीतून पाहण्याची : जवळचे खांब झपाट्याने जातात, मधली शेतं सावकाश, लांबचा डोंगर जवळजवळ जागच्या जागी. जपानी अ‍ॅनिमेशनला ही दुसरी हालचाल चांगली जमते, कारण चित्रांचे थर एकमेकांवर ठेवून वेगवेगळ्या वेगाने सरकवणं हा तिच्या टेबलाचाच गुण आहे. एकाच दृश्यात सरकणारी पार्श्वभूमी दर फ्रेमला हलते आणि पात्र मात्र तीन कोमांनी. दोन वेग एकत्र नांदतात. टीव्हीतलं ते सेटिंग नेमके हे दोन वेग एकाच मापाने घासून सपाट करतं.

आणखी एक उदाहरण, अगदी शांत. क्योतो अ‍ॅनिमेशनचा ‘लिझ अँड द ब्लू बर्ड’ (२०१८), दिग्दर्शिका नाओको यामादा. सुरुवातीला मिझोरे ही मुलगी शाळेच्या पायरीवर वाट पाहत बसते. मग नोझोमी येते, पोनीटेल डुलत, पावलं मोकळी. दोघी मिळून संगीताच्या वर्गाकडे जातात. एवढंच. पण नोझोमीची पावलं आणि मागून येणाऱ्या मिझोरेची पावलं एका तालात पडत नाहीत. केनसुके उशिओ यांच्या संगीतातही तीच विसंगती विणलेली आहे. मैत्री आहे, पण एकीला दुसरीच्या मागेच चालायची सवय लागली आहे, हे आपल्याला पहिल्या पाच मिनिटांत पायांवरून समजतं. या प्रसंगात कुठलीही दिपवणारी हालचाल नाही. तरी आमच्या मते अलीकडच्या जपानी अ‍ॅनिमेशनमधलं हे सर्वांत बारकाईचं चालणं आहे.

आणि ज्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही ते धावणं : इसाओ ताकाहाता यांचा ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ (२०१३). राजकन्येच्या नामकरणाची मेजवानी चालू आहे. पडद्याआड बसलेल्या तिला पाहुण्यांची टिंगल ऐकू येते. हातातला शिंपला फुटतो, आणि ती दारं फोडून धावत सुटते. अंगावरचे उंची झगे एकेक करून गळून पडतात. शिंजी हाशिमोतो यांनी काढलेल्या या प्रसंगात एरवी नाजूक असलेली रेघ कोळशाने खरडल्यासारखी होते; चेहरा चेहरा राहत नाही, नुसता वेग उरतो. इथे दोन लागोपाठच्या चित्रांतल्या रेघा एकमेकींशी जुळतच नाहीत. त्या न जुळण्यातच तिचा संताप आहे. आता मधली रेघ यंत्राने सरासरी काढून भरली तर काय होईल? संताप शांत होईल. गुळगुळीत होणं म्हणजे इथे शब्दशः तिची समजूत घालणं आहे.

वेगाच्या बाबतीत योशिनोरी कानादा यांचं नाव घ्यायलाच हवं. १९७० च्या दशकापासून त्यांनी मधली चित्रं मुद्दाम गाळून पात्राला एका ताठ पवित्र्यातून दुसऱ्या पवित्र्यात झपकन उडवायला सुरुवात केली. ‘गॅलेक्सी एक्सप्रेस ९९९’ (१९७९) च्या चित्रपटात त्यांचे ते वळवळणारे प्रकाशाचे लोळ आहेत. त्यांच्यानंतर इचिरो इतानो. ‘मॅक्रॉस’ (१९८२) मध्ये डझनभर क्षेपणास्त्रं धुराच्या शेपट्या सोडत सापासारखी धावतात आणि आपली नजरही त्यांच्यातून गिरक्या घेत उडते. ही दोन्ही कामं दूरचित्रवाणीच्या टंचाईतच वाढलेल्या माणसांची. चित्रं थोडी, मग ती समान अंतरावर का ठेवायची? एका ठिकाणी दाटीने, एका ठिकाणी विरळ. विरळ ठिकाणी डोळा अडखळतो, आणि त्या अडखळण्यालाच आपण जोर, धक्का, वेग म्हणतो.

आता सुरुवातीला सांगितलेल्या उलट्या टोकाकडे येऊ. काही जण म्हणतात, हे सगळं जपानी परंपरेतूनच आलं : काबुकीमधला ‘मिए’, म्हणजे ऐन क्षणी नटाने पवित्रा घेऊन थिजणं, बाराव्या शतकातली चित्रांची गुंडाळी, जिच्यावर ताकाहातांनी स्वतः पुस्तक लिहिलं. या साम्यांत तथ्य आहे. पण ‘तेत्सुवान आतोमु’ची चित्रं दोन हजारांवर आली ती काबुकीमुळे नव्हे, दर आठवड्याच्या प्रक्षेपणामुळे आणि खर्चापेक्षा कमी मिळालेल्या किमतीमुळे. परंपरेचं नाव पुढे केलं की ही किंमत कुणी मोजली हा प्रश्न हळूच पडद्याआड जातो.

ती किंमत मोजली चित्रकारांनी. मधली चित्रं काढणाऱ्यांना बहुधा चित्रामागे पैसे मिळतात. जपानी अ‍ॅनिमेशन चित्रकारांच्या ‘जानिका’ या संस्थेच्या २०१५ च्या अहवालात त्यांचं सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे ११ लाख येन दिसलं. जपानमध्ये त्यात जगणं कठीण. म्हणून हे काम मोठ्या प्रमाणावर दक्षिण कोरिया, चीन, फिलिपीन्स, व्हिएतनाम इथे जातं. तेव्हा ‘टंचाईतून कला फुलली’ हे वाक्य म्हणताना जरा थांबावं. कला फुलली हे खरं. टंचाई होती म्हणून ती योग्य होती, असं त्यातून ठरत नाही. क्योतो अ‍ॅनिमेशन आपल्या माणसांना पगारावर ठेवतं, आणि ‘लिझ’मधलं चालणं तिथूनच येतं. पोट भरलेल्या माणसालाही रिकामी जागा ओळखता येते.

आणि इथेच टीव्हीतलं ते सेटिंग पुन्हा समोर येतं. मधली चित्रं यंत्राकडून काढून घ्यायचा विचार आता स्टुडिओंतही चालू आहे. एक उदाहरण देतो. पात्र डावीकडून उजवीकडे मान वळवतं. यंत्राने मधलं चित्र सरासरीने काढलं, तर चेहरा थाळीसारखा सरळ सरकतो. चांगला चित्रकार काय करतो? मध्यावर हनुवटी किंचित खाली नेतो, तिथेच पापणी मिटवतो, आणि डोळे मानेच्या जरा आधी पोचवतो. म्हणजे मधलं चित्र हे दोन्ही बाजूंचं निम्मं निम्मं नसतं. तो एक छोटा निर्णय असतो, आणि नवशिका चित्रकार असे निर्णय घेत घेतच पुढे मुख्य चित्रं काढायला लागतो. मधली जागा म्हणजे नुसतं भोक, असं एकदा मानलं, की तिथे बसून शिकणारा माणूसही अनावश्यक ठरतो. मग वीस वर्षांनी कागुयाचं धावणं काढणार कोण? यंत्र वापरू नये असं आमचं म्हणणं नाही; सेल जाऊन संगणकावरचं रंगकाम आलं तेव्हाही कला बुडाली नाही. म्हणणं एवढंच की निर्णय कोण घेतंय, हे पाहणाऱ्याने विचारत राहिलं पाहिजे.

आता तुम्ही विचाराल, आम्ही प्रेक्षक, आम्ही काय करायचं? तीन गोष्टी. पहिली, आज घरी गेल्यावर रिमोट हातात घ्या आणि ते सेटिंग बंद करा. दुसरी, ओळखीचा एखादा प्रसंग लावा आणि आवाज बंद करून पाहा : पडद्यावर खरंच काय हलतंय? फक्त तोंड? फक्त पार्श्वभूमी? मग आवाज लावून पुन्हा पाहा, म्हणजे हालचालीची वाटणी कशी झाली ते कळेल. तिसरी, पुढच्या वेळी ‘काय अ‍ॅनिमेशन आहे!’ किंवा ‘स्वस्तात उरकलंय’ असं तोंडात आलं, तर एक क्षण थांबा आणि विचारा की इथे हलण्याने काय मिळालं आणि थांबण्याने काय मिळालं. चित्रं किती, हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

पुढच्या वेळी ‘लिझ अँड द ब्लू बर्ड’च्या त्या पहिल्या पाच मिनिटांचंच वाचन करू; जमलं तर तेवढा भाग पाहून या.